मर्यादित गुण, ठरलेले स्थळ आणि विशेषज्ञतेची वाट
यवतमाळ जिल्ह्यातील डॉक्टरांच्या उच्च शिक्षणाचा एक अभ्यास

यवतमाळ जिल्ह्याचा विस्तार मोठा आहे. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २७ लाख ७२ हजारांवर होती. पैनगंगेकाठच्या उमरखेडहून वर्धा नदीच्या बाजूच्या वणीस जावयाचे तर अर्धा दिवस प्रवासात जातो. अशा जिल्ह्यात डॉक्टर आहे की नाही, एवढाच प्रश्न पुरेसा ठरत नाही. कोणत्या विषयाचा डॉक्टर किती अंतरावर आहे, यावर रुग्णाचे जगणे अवलंबून असते. २०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. अशा रुग्णास कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय लागते, आणि ती हाताळणारा प्रशिक्षित डॉक्टरही लागतो. अडलेल्या बाळंतिणीची शस्त्रक्रिया तालुक्याच्या ठिकाणी व्हावयाची असेल, तर शल्यचिकित्सकाइतकाच भूलतज्ज्ञही आवश्यक असतो. तो नसला की रुग्णवाहिका पुढच्या गावाकडे वळते.

हे विशेषज्ञ कोठून यावयाचे? बाहेरून आलेला डॉक्टर बंधपत्राची मुदत संपताच परत जाण्याची शक्यता अधिक असते. ज्याचे घर आर्णीत, शेती दिग्रसला किंवा जोडीदाराची नोकरी पांढरकवड्याच्या शाळेत आहे, असा डॉक्टर येथे राहण्याची शक्यता अधिक. परंतु नेमक्या याच डॉक्टरापुढे उच्च शिक्षणाच्या वेळी दोन अडचणी उभ्या राहतात. त्याला फार दूर जाता येत नाही, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची ओ.पी.डी. सांभाळून दिलेल्या परीक्षेत त्याचे गुण बेताचेच येतात. अशा उमेदवाराने अर्ज कसा करावा, आणि कार्यालये, शिक्षक व पंचायती यांचा त्यात कोणता वाटा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गुण, शततमक आणि क्रमांक

पदव्युत्तर पदवीसाठी नीट-पीजी आणि त्यापुढील अतिविशेष अभ्यासक्रमांसाठी नीट-एसएस या राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा आहेत. नीट-पीजीत २०० प्रश्न व ८०० गुण, तर नीट-एसएसमध्ये १५० प्रश्न व ६०० गुण, अशी रचना रूढ आहे. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो.

निकालात येणारा पर्सेंटाइल, म्हणजे शततमक, पुष्कळदा टक्केवारी समजला जातो. तो तसा नाही. आपल्यापेक्षा कमी गुण मिळविणारे शेकडा किती, हे शततमक सांगते. समजा, दहा हजार उमेदवार परीक्षेस बसले आणि एकाच्या खाली सात हजार राहिले. त्याचा शततमक ७० आणि क्रमांक सुमारे तीन हजार. त्याचे गुण निम्म्याहून कमी असले तरी हे चित्र बदलत नाही. म्हणून केवळ गुणांचा आकडा पाहून उमेदवाराने खचून जाऊ नये. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या क्रमांकाच्या आसपासच्या उमेदवारांना कोणत्या जागा मिळाल्या, हे प्रवेशाच्या प्रसिद्ध याद्यांत पाहावे.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावयास हवी. पात्र ठरणे वेगळे आणि जागा मिळणे वेगळे. २०२३ मध्ये जागा रिक्त राहू नयेत म्हणून नीट-पीजीची पात्रता शून्य शततमकापर्यंत खाली आणण्यात आली. परीक्षेस बसलेला प्रत्येक जण पात्र झाला. तथापि क्रमांकांची उतरंड होती तशीच राहिली आणि मागणी असलेल्या जागा वरच्या क्रमांकांनाच मिळाल्या. पात्रता शिथिल झाल्याचा खरा लाभ शेवटच्या फेरीपर्यंत प्रक्रियेत टिकून राहणाऱ्यास होतो.

स्थळाचे नियम

स्थळाची मर्यादा दोन प्रकारची असते. एक नियमांनी घातलेली, दुसरी कुटुंबाच्या परिस्थितीने घातलेली. नियमांची मर्यादा गेल्या चार दशकांत बरीच बदलली आहे.

डॉ. प्रदीप जैन प्रकरणात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय शिक्षणातील काही जागा संपूर्ण देशासाठी खुल्या ठेवण्याचे तत्त्व घालून दिले. १९८६ मध्ये हे प्रमाण पदवीसाठी १५ टक्के व पदव्युत्तरसाठी २५ टक्के ठरले. पदव्युत्तरचे प्रमाण २००५ मध्ये ५० टक्के झाले. महाराष्ट्रात विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र असे विभाग पाडून स्थानिकांना ७० टक्के जागा देणारे ७०:३० सूत्र दीर्घकाळ लागू होते. ते राज्य शासनाने २०२० मध्ये रद्द केले. पुढे २९ जानेवारी २०२५ रोजी डॉ. तन्वी बहल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय जागांसाठी अधिवासावर आधारित आरक्षण घटनेशी विसंगत ठरविले. त्याच संस्थेतून पदवी घेतलेल्यांना मर्यादित प्राधान्य देण्यास मात्र मुभा राहिली.

या घडामोडींचा अर्थ यवतमाळच्या उमेदवाराने नीट समजून घ्यावा. ‘मी विदर्भातला, म्हणून विदर्भातील जागा माझी’ असे आता म्हणता येत नाही. अतिविशेष अभ्यासक्रमांत तर राज्य कोटा जवळजवळ नाहीच. देशभरातील उमेदवार एकाच यादीत उभे असतात. घर जवळ असणे हा आज प्रवेशातील हक्क राहिलेला नाही. ती केवळ आपली निवड आहे, आणि तिची किंमत आपणच मोजावयाची असते.

एक घट्ट, तीन सैल

प्रत्येक अर्जात चार गोष्टी ठरवावयाच्या असतात : स्थळ, विषय, अभ्यासक्रमाचा प्रकार आणि वर्ष. वरच्या क्रमांकाचा उमेदवार चारही गोष्टी आपल्या मनाप्रमाणे ठरवू शकतो. मध्यम क्रमांकाच्या उमेदवारास तसे करता येत नाही. त्याने यांपैकी एक गोष्ट घट्ट धरावी आणि उरलेल्या तीन सैल सोडाव्यात. चारही घट्ट धरणाऱ्याच्या पदरी बहुधा काहीच पडत नाही. पुढील वर्षीही तो त्याच ठिकाणी उभा असतो.

स्थळ घट्ट धरावयाचे असेल, तर प्रथम ‘स्थळ’ म्हणजे काय ते ठरवावे. जिल्ह्याची सीमा ही महसुली सोय आहे. कुटुंबाच्या दृष्टीने प्रवासाचे अंतर महत्त्वाचे. यवतमाळ येथे १९८९ पासून श्री वसंतराव नाईक यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु वणीकराला चंद्रपूर अधिक जवळ पडते, उमरखेडच्या माणसाला नांदेड, तर नेरच्या माणसाला अमरावतीचा आणि कळंब-राळेगावच्या माणसाला सेवाग्राम व सावंगीचाही विचार करता येतो. केळापूर तालुक्यातून पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद लागते. राज्य दुसरे असले तरी तेथील महाविद्यालयात अखिल भारतीय कोट्याची जागा निघाल्यास महाराष्ट्राचा उमेदवार तिचा विचार करू शकतो. नागपुरात १९४७ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तसेच इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय व एम्स आहे. एम्सचा प्रवेश मात्र नीटमधून होत नाही. पदव्युत्तरसाठी आयएनआय-सीईटी ही स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. तिचा अर्ज न भरल्यामुळे घराजवळची संस्था आपोआप हातची जाते. सावंगीचे महाविद्यालय अभिमत विद्यापीठाचे असल्याने तेथील जागांची प्रक्रिया व शुल्क निराळे आहे, हेही आधी पाहावे.

स्थळ असे आखून घेतल्यावर विषय सैल करावा लागतो. क्षकिरणशास्त्र, औषधवैद्यक, त्वचारोग या जागा आधी भरतात. शरीररचनाशास्त्र, जीवरसायनशास्त्र यांसारख्या विषयांच्या जागा अनेकदा रिक्त राहतात. भूलशास्त्र, क्षयरोग व छातीचे विकार, मनोविकार, बालरोग असे जे विषय यांच्या मधोमध आहेत, त्यांची यवतमाळ जिल्ह्याला अत्यंत निकड आहे. अतिविशेष अभ्यासक्रमांत हृदयरोग व जठरांत्ररोग यांना मोठी मागणी असते, तर हृदय-शल्यचिकित्सा व बालशल्यचिकित्सा यांच्या जागा वारंवार रिकाम्या राहतात. अर्थात, जो विषय मनाला मुळीच रुचत नाही तो केवळ जवळ आहे म्हणून घेऊ नये. तीन वर्षे शिक्षण आणि त्यापुढे तीस वर्षे काम त्याच विषयात करावयाचे असते.

याउलट विषय घट्ट धरावयाचा असेल, तर स्थळ सैल केले पाहिजे. अशा वेळी कुटुंबाने तीन वर्षांची तात्पुरती व्यवस्था करावी आणि पुढे परतण्याचा निर्णय आधीच करून ठेवावा.

पदवीशिवायच्या वाटा

अभ्यासक्रमाचा प्रकार सैल केला तर आणखी काही दारे उघडतात. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने २०२० मध्ये एमबीबीएसनंतरचे दोन वर्षांचे पदविका अभ्यासक्रम जाहीर केले. भूलशास्त्र, स्त्रीरोग व प्रसूती, बालरोग, कुटुंबवैद्यक, नेत्ररोग, क्षकिरण, कान-नाक-घसा आणि क्षयरोग व छातीचे विकार असे त्यांचे आठ विषय आहेत. महाविद्यालय नसलेल्या मोठ्या रुग्णालयांतही हे अभ्यासक्रम चालविता यावेत, हा त्यामागील हेतू. पदविकाधारक विशेषज्ञ तालुक्याच्या रुग्णालयास किती उपयोगी पडतो, हे सांगावयास नको.

पदव्युत्तर पदवी झालेल्यांसाठी फेलोशिपची वाट आहे. याच मंडळाची फेलोशिप दोन वर्षांची असून तिला स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. कण्यावरील शस्त्रक्रिया, प्रजननवैद्यक, दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया असे तिचे विषय आहेत. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न संस्थांत लहान मुदतीच्या फेलोशिप चालतात. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रासारख्या संस्था आपल्या निवडप्रक्रियेने फेलो घेतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. डी.एम., एम.सीएच. किंवा डीआरएनबी यांचा नोंदणीतील व अध्यापकपदासाठीचा दर्जा प्रत्येक फेलोशिपला असतोच असे नाही. फेलोशिपने कौशल्य मिळते. पदासाठी ती चालेल की नाही, हे प्रवेश घेण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

ज्या संस्था मुलाखत घेतात, तेथे मध्यम गुणांच्या उमेदवारास आपली बाजू मांडण्याची संधी असते. अर्जात कमी गुणांची लांबलचक कैफियत देऊ नये. एका वाक्यात ती बाब सांगून पुढे जावे. स्वतः केलेल्या प्रसूती, दिलेल्या भुली, हाताळलेले सर्पदंश व विषबाधेचे रुग्ण यांची तारीखवार नोंदवही ठेवावी व तिचा गोषवारा अर्जास जोडावा. शिफारसपत्र मोठ्या नावाचे नसले तरी चालेल, पण ते प्रत्यक्ष काम पाहिलेल्या वरिष्ठाचे असावे. परत कोणत्या गावी जावयाचे आहे आणि तेथे कोणती उणीव भरून काढावयाची आहे, हे स्पष्ट लिहावे. गोंडी, कोलामी किंवा गोरमाटी बोलता येत असल्यास तेही नमूद करावे. स्थळाची मर्यादा अशा अर्जात उमेदवाराच्या बाजूने बोलू शकते.

पसंतीक्रम लावताना

अखिल भारतीय आणि राज्य अशा दोन्ही प्रक्रियांत संगणक क्रमांकानुसार एकेका उमेदवारास घेतो आणि त्याच्या यादीतील वरून पहिली रिकामी जागा त्यास देतो. यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, यादी खऱ्या आवडीच्या क्रमानेच लावावी. अवघड जागा वर ठेवल्याने खालच्या जागेचा हक्क कमी होत नाही. दोन, यादी आखूड ठेवू नये. आपल्या वर्तुळातील मान्य असलेली प्रत्येक जागा तीत यावी. तीन, जेथे रुजू होण्याची तयारी नाही ती जागा यादीत मुळीच घालू नये, कारण पुढील फेऱ्यांत मिळालेली जागा सोडल्यास अनामत रक्कम जप्त होण्यासारखे परिणाम भोगावे लागतात. हे नियम दरवर्षी बदलू शकतात. यास्तव चालू वर्षाची माहितीपुस्तिका हाच एकमेव आधार मानावा.

अमेरिकेत निवासी डॉक्टरांच्या जागा १९५२ पासून अशाच एका केंद्रीय जुळणीने दिल्या जातात. तेथे रुग्णालयेही उमेदवारांचा क्रम लावतात. या प्रकारच्या जुळणीचे शास्त्र विकसित करणाऱ्या लॉइड शॅप्ली व अल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पती-पत्नी दोघेही डॉक्टर असल्यास त्यांना जोडीने पसंती देण्याची सोय तेथे १९८० च्या दशकात करण्यात आली. आपल्याकडे प्रत्येक अर्ज स्वतंत्र असतो. म्हणून डॉक्टर दांपत्याने आपापल्या याद्या समोरासमोर ठेवून, कोण स्थळ सैल करणार व कोण विषय, हे आधीच ठरविलेले बरे.

सेवेतील डॉक्टरांसाठी

शासकीय सेवेत असलेल्या डॉक्टरांच्या दृष्टीने ३१ ऑगस्ट २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय महत्त्वाचा आहे. सेवारत डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागांत स्वतंत्र कोटा ठेवण्याचा राज्यांचा अधिकार त्याने मान्य केला. महाराष्ट्राने २०२२ मध्ये शासकीय व महानगरपालिकांच्या महाविद्यालयांतील राज्य कोट्याच्या पदव्युत्तर जागांपैकी २० टक्के जागा अशा डॉक्टरांसाठी ठेवण्याचा निर्णय घेतला. तामिळनाडूने तर २०२० मध्ये अतिविशेष अभ्यासक्रमांतही सेवारत डॉक्टरांसाठी ५० टक्के जागा ठेवल्या होत्या. झरी-जामणी किंवा मारेगावसारख्या तालुक्यात काही वर्षे काढलेल्या डॉक्टरास हा मार्ग विशेष उपकारक आहे. येथे त्याची स्पर्धा प्रामुख्याने त्याच्यासारख्याच परिस्थितीत अभ्यास केलेल्यांशी असते. ज्या स्थळाने त्याचे गुण कमी केले, तेच स्थळ येथे त्याच्या पात्रतेचा आधार बनते.

मात्र हा लाभ कागदावर सिद्ध करावा लागतो. किती वर्षे, कोणत्या केंद्रात, आणि ते केंद्र दुर्गम किंवा ग्रामीण यादीत आहे काय, याचे प्रमाणपत्र व वरिष्ठांचे ना हरकत प्रमाणपत्र मुदतीत मिळाले नाही, तर वर्ष वाया जाते. उदाहरणादाखल असे समजू की, एखाद्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा अर्ज टपालात, आवक-जावक नोंदीत व स्वाक्षरीच्या प्रतीक्षेत पंधरा दिवस पडून राहिला आणि तेवढ्यात नोंदणी बंद झाली. त्या डॉक्टरचे एक वर्ष गेले, एवढ्यावर हा हिशेब संपत नाही. तालुक्याचा भूलतज्ज्ञ एक वर्ष उशिरा येतो.

सर्वांचा वाटा

यास्तव हा विषय केवळ डॉक्टरांचा राहत नाही. जिल्हा व तालुका कार्यालयांनी परीक्षेची अधिसूचना निघताच इच्छुक वैद्यकीय अधिकाऱ्यांची यादी करून त्यांची सेवा-प्रमाणपत्रे तयार ठेवावीत. पुसद, दारव्हा व पांढरकवडा येथील उपजिल्हा रुग्णालयांत पदव्युत्तर विद्यार्थी आले तर त्यांची राहण्याची सोय नीट असावी. २०२० मध्ये अधिसूचित झालेल्या जिल्हा निवासी कार्यक्रमानुसार प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्यास तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करावे लागते. या तीन महिन्यांत त्याला जो अनुभव येईल, त्यावरच तो पुढे या जिल्ह्याचा विचार करील की नाही हे ठरेल.

शिक्षकांनी अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना शततमक व क्रमांक यांचा अर्थ वर्गात समजावून सांगावा. शिकवणीवर्गांच्या जाहिरातींतील आकडे पाहून आपली मुले आधीच माघार घेतात, ते यामुळे काही अंशी टळेल. पंचायत सदस्यांनी आरोग्य केंद्राच्या निवासस्थानास पाणी, वीज व पक्का रस्ता आहे की नाही, याकडे लक्ष द्यावे. शिकून परतलेल्या डॉक्टरचे कुटुंब गावात राहील की शहरातून ये-जा करील, हे याच गोष्टींवर ठरते.

परीक्षेचा दिवस उलटला की गुण बदलता येत नाहीत. परंतु स्थळाचे वर्तुळ किती मोठे आखावे, विषय कोणता सैल करावा, पसंतीची यादी किती लांब ठेवावी आणि प्रमाणपत्र कोणत्या तारखेस द्यावे, हे सर्व त्यानंतरही आपल्या हाती असते. मध्यम गुणांचा, पण गाव न सोडणारा डॉक्टर हीच यवतमाळसारख्या जिल्ह्याची खरी आशा आहे. त्याचा अर्ज वेळेवर पुढे जाईल याची काळजी घेणे, हे आरोग्य केंद्राची इमारत बांधण्याइतकेच विकासाचे काम होय.